दिवसाला चार मिनिटं

पहाटेच्या अंधारात सात किलोची मादी लाकडी पेटीत उडी मारून उतरते. पेटीत तिच्याच पोटावरून उपटलेल्या केसांचा ढीग, आणि ढिगाखाली आठ पिल्लं. ती त्यांना चाटत बसत नाही, कुशीत घेत नाही, आडवीसुद्धा होत नाही. चार पायांवर ताठ उभी राहते. पिल्लं उताणी होऊन खालून लुचतात. तीन-चार मिनिटं होतात न होतात तोच ती उडी मारून बाहेर पडते आणि पेटीकडे पाठ करून गवत चघळायला लागते. आता तिची फेरी उद्या पहाटे.

काही माद्या दिवसातून दोनदा येतात, पण रीत एकदाच येण्याची. एका खेपेला तीन ते पाच मिनिटं लागतात. आपण चार धरू. पिल्लं अंगावर पितात ती साधारण महिनाभर. तीस दिवस गुणिले चार मिनिटं म्हणजे एकशे वीस मिनिटं. दोन तास. आठ पिल्लांच्या सगळ्या बाळपणासाठी आईने दिलेला वेळ एका मराठी नाटकाहून कमी, आणि त्यात मध्यंतरही धरलेलं नाही. आपल्याकडची बाळंतीण तान्ह्याला दिवसातून आठ वेळा, वीस-वीस मिनिटं पाजते म्हटलं, तर तिची १६० मिनिटं एका दिवसात भरतात. सशाच्या आईचा अख्खा महिना माणसाच्या आईच्या एका दिवसात बसतो आणि वर चाळीस मिनिटं उरतात.

हे ऐकून तिला कामचुकार म्हणायचा मोह होतो. पण जरा थांबा, पुढचे आकडे बघू.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. मराठीत ससा म्हटलं की दोन वेगळे प्राणी एकाच शब्दात कोंबलेले असतात. आपल्या माळरानावर, ज्वारीच्या फडातून टुणकन उठून पळतो तो काळ्या मानेचा रानससा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं चाळीस-एक दिवस पोटात राहून अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. चंद्रावरचा ससा तोच, शशांकातला शशही तोच, आणि वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे तेही त्यालाच. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, करडा, लोंबत्या गळपोळीचा ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी, आंधळी आणि बहिरी जन्मतात. हा लेख त्याचा, आणि त्यातही त्याच्या थोराड जातींचा.

थोराड म्हणजे किती? बेल्जियममधल्या गेंट शहराच्या आसपास तयार झालेला फ्लेमिश जायंट घ्या. अमेरिकेतल्या ससेपालकांच्या संघटनेच्या नियमात पूर्ण वाढलेल्या नराला किमान १३ पौंड आणि मादीला किमान १४ पौंड वजन लागतं, म्हणजे सहा किलोच्या आतबाहेर. कमाल मर्यादा ठेवलेलीच नाही. त्याच घराण्यातल्या कॉन्टिनेंटल जायंट जातीचा डॅरियस नावाचा ससा ६ एप्रिल २०१० रोजी इंग्लंडमध्ये मोजला तेव्हा १२९ सेंटिमीटर लांब भरला आणि गिनीज बुकात गेला. १२९ सेंटिमीटर म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाची उंची. (२०२१ च्या एप्रिलमध्ये हा ससा मालकिणीच्या बागेतून चोरीला गेला. एवढा ससा कोणी कुठे लपवला असेल, हे कोडं मला त्याच्या लांबीपेक्षा मोठं वाटतं.) आपल्या देशात राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेमुळे ठाऊक झालेली व्हाइट जायंट ही जातही याच फ्लेमिश रक्ताची, सोव्हिएत रशियामार्गे आलेली. आपल्याकडच्या उन्हात तिचं अंग एवढं भरत नाही. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः दोन लांब कान. गेंटच्या ढगाळ हवेत बेतलेला देह नागपूरच्या मे महिन्यात ठेवला तर वाढायचं सोडून तो धापा टाकत पडणार, यात नवल नाही.

तर मादी सात किलोची. गर्भ पोटात राहतो अवघा ३१ दिवस. तिच्या पोटात गर्भाशयाच्या दोन वेगळ्या पिशव्या असतात आणि दोघींची तोंडंही वेगळी. बीजं महिन्याच्या पाळीने सुटत नाहीत, नर लागल्यावर दहा-बारा तासांनी सुटतात. त्यामुळे वाया गेलेला महिना असा तिच्या आयुष्यात नसतोच. व्याल्यापासून दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून जाणता पाळणारा नराला आधीच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवतो.

जन्मलेलं पिल्लू साधारण ७० ग्रॅमचं. मध्यम आकाराचा बटाटा. आईच्या वजनाचा शंभरावा हिस्सा. माणसाचं बाळ आईच्या विसाव्या हिश्श्याएवढं असतं. इथे शंभर टक्के राक्षस व्हायचा जीव एक टक्क्यापासून सुरू होतो. सात किलोला पोचायला त्याला वर्षभर, काहींना दीड वर्ष लागतं, पण खरी गंमत त्या वर्षभरात नाही. ती पहिल्या दोन महिन्यांत आहे.

उघड्या अंगाचा ७० ग्रॅमचा गोळा स्वतःची ऊब स्वतः राखू शकत नाही. अंग लहान, त्यामानाने कातडी फार. उष्णता आत कमी तयार होते आणि बाहेर भराभर जाते. म्हणून आई पोटावरचे नि गळ्याखालचे केस उपटून पेटीत गादी करते आणि आठही जण एकमेकांत घुसून गोळा होऊन पडतात. त्या केसांच्या आत ३०-३५ अंशांची भट्टी तयार होते. त्यातून एखादं बाहेर घरंगळलं तर आई त्याला तोंडात धरून परत आणत नाही. कुत्री-मांजरी आणतात, सशाच्या आईला ते येतच नाही. पाळणाऱ्याने सकाळी पेटी तपासायची ती यासाठी. थंडगार, निपचित पडलेलं पिल्लूसुद्धा उबेत ठेवून बघितल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. कैक पिल्लं मुठीतल्या उबेने अर्ध्या तासात वळवळायला लागतात.

आता त्या चार मिनिटांत शिरू.

आई यायच्या आधीच पिल्लांना चाहूल असते. डोळे बंद, कान बंद, तरी रोजची वेळ जवळ आली की ती चुळबुळ करत केसांच्या गादीतून वर सरकतात आणि उघड्यावर येऊन थांबतात. रोज त्याच वेळेला. चोवीस तासांचं घड्याळ ती जन्मतः घेऊन आलेली असतात. आई वर उभी राहिली की स्तनाग्र सापडायला त्यांना काही सेकंद लागतात. आंधळ्यांनी ते शोधायचं कसं? फ्रान्समधल्या दिजाँ इथल्या संशोधकांनी २००३ साली ‘नेचर’ मध्ये उत्तर छापलं. आईच्या दुधात २-मिथिलब्युट-२-ईनाल नावाचा एक छोटा रेणू असतो. त्याचा वास आला की पिल्लू डोकं हलवत तोंड उघडून झेपावतं. नुसत्या काचेच्या कांडीवर तो लावून पुढे धरला तरी ते कांडीलाच लुचायला लागतं. दुधात शेकड्याने वास असतात. त्यातला नेमका हा एक ओळखायची खूण पिल्लं जन्मतःच घेऊन येतात, शिकावी लागत नाही.

आईला स्तन आठ ते दहा. पिल्लं आठ असतील तर ठीक. बारा झाली तर चौघांची पंचाईत. शिवाय एकाच ठिकाणी चिकटून बसत नाहीत, अर्ध्या-पाऊण मिनिटाने सोडून दुसरीकडे झेप. चार मिनिटांची ही झोंबाझोंबी संपते तेव्हा प्रत्येकाच्या पोटात त्याच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा दूध गेलेलं असतं. हे वाक्य घाईत वाचून पुढे जाऊ नका. तुमचं वजन साठ किलो असेल, तर चार मिनिटांत बारा ते पंधरा लिटर. लग्नाच्या हॉलमध्ये पाण्याचे वीस लिटरचे जार ठेवलेले असतात ना, त्यातला एक तोंडाला लावायचा, पाऊणभर रिकामा करायचा, आणि मग उद्या याच वेळेपर्यंत घोटभरही काही मिळणार नाही असं समजून झोपायचं. पिल्लाची कातडी इतकी पातळ की आतलं दूध बाहेरून दिसतं. गुलाबी पोटावर पांढरा पट्टा. पोट चेंडूसारखं टम्म. पिऊन झालं की पिल्लं तिथेच मुततात आणि पुन्हा केसांत तळाशी जाऊन गोळा होतात. चोवीस तासांतल्या तेवीस तास छप्पन्न मिनिटांत काम एकच, दुधाचं पिल्लू करणं.

आणि ते दूध कसलं! गाईच्या दुधात पाणी ८७ टक्के, सशाच्या दुधात सत्तरच्या आसपास. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या सहा-सात, सशाच्या दहा ते पंधरा. प्रथिनं गाईच्या दुधात सव्वातीन टक्के, इथे दहाच्या पुढे. दुधातली साखर मात्र नावाला, दोन टक्क्यांच्या आत. सगळं धरून गाईच्या दुधाच्या तिप्पट ताकद. आपल्या डेअरीत फॅट लावून दर ठरतो, त्या हिशेबाने या दुधाचं बिल गवळ्याला करून बघावं.

चार किलोची न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी ऐन भरात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात, दिवसाला २५० ग्रॅम दूध देते. एक पेला, असं वाटेल. पण किलोमागे साठ ग्रॅम झाले. सहाशे किलोच्या एचएफ गाईला याच मापाने लावलं तर छत्तीस लिटर. असली गाय गोठ्यात असली तर मालक पंचक्रोशीत मान वर करून चालतो. त्यात हे दूध तिप्पट ताकदीचं, म्हणजे गाईच्या दुधात रूपांतर केलं तर शंभर लिटरच्या वर. आणि धार काढायला चार मिनिटं. महिनाभरात अशा मादीचं दूध पाच-सहा किलो होतं, म्हणजे स्वतःच्या वजनाहून अधिक. सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण दोन ग्रॅम दुधातून एक ग्रॅम पिल्लू तयार होतं. एवढा चोख भाव कुठल्याच बाजारात मिळणार नाही.

बाझलचे शरीरशास्त्रज्ञ गुस्ताफ फॉन बुंगे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक साधा तक्ता मांडला होता. जन्माचं वजन दुप्पट व्हायला कोणाला किती दिवस लागतात? माणसाला १८०, घोड्याला ६०, गाईला ४७, कुत्र्याला ९, आणि सशाला ६. त्याच्या शेजारी त्यांनी दुधातल्या प्रथिनांचं प्रमाण लिहिलं. दिवस जसे उतरत गेले, तशी प्रथिनं चढत गेली. तक्त्याच्या तळाशी ससा.

ही गती आपल्या घरात आणून बघू. तीन किलोचं बाळ जन्मलं. सशाच्या पिल्लाच्या चालीने गेलं तर सहाव्या दिवशी सहा किलो. बाराव्या दिवशी, बारशाला, तिपटीच्या पुढे, म्हणजे नऊ-दहा किलो. पाळणा हलवणाऱ्या आत्याबाईंचा हात भरून येईल. तीन आठवड्यांनी सशाचं पिल्लू ४०० ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे आपलं बाळ सतरा-अठरा किलोंचं. आठ आठवड्यांनी थोराड जातीचं पिल्लू दोन किलोंच्या आसपास भरतं. सत्तर ग्रॅमचे दोन किलो, अठ्ठावीसपट. दोन महिन्यांचं बाळ मग ८४ किलोंचं. एक नव्हे, अशी आठ. सात किलोच्या आईने छप्पन्न दिवसांत सोळा किलो ससा उभा केला, स्वतःच्या दुपटीहून जास्त, आणि त्यासाठी स्वतः दिले दोन तास.

ती इतक्या कमी वेळा का येते याचं उत्तर जंगलात आहे. कोल्हा, मुंगूस, बिज्जू वासावर असतात. बिळापाशी आई जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा पायवाट पडेल, वास राहील. म्हणून रानटी मादी पाजून झालं की बिळाचं तोंड मातीने बुजवते आणि दिवसभर तिकडे फिरकत नाही. पिंजऱ्यात कोल्हा नसला तरी तिच्या अंगातला कोल्हा गेलेला नाही.

माणसाची गफलत इथे होते. नव्याने ससे पाळणारा दिवसभर पेटीकडे बघतो, आई एकदाही जात नाही, म्हणून त्याला वाटतं हिने टाकली पिल्लं. तो सिरिंज आणतो, दूध कोमट करतो, आणि धडधाकट पिल्लांना पाजायला लागतो. पाहायचं असतं ते सकाळी पिल्लाचं पोट. गोल, ताठ, कातडीवर सुरकुती नाही, तर आई येऊन गेली. पोट खपाटीला गेलेलं, कातडी सुरकुतलेली, हात लावला की उसळी मारून तोंड शोधणारं पिल्लू दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर काळजी करावी.

आणि आई खरोखरच मेली तर? मग माणसाचा हिशेब मांडू. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं दूध किंवा शेळीचं दूध वापरतात. दिवसातून दोन वेळा, आठ पिल्लं, एकेकाला दहा मिनिटं. घाई केली की दूध श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो, म्हणून थेंब थेंब, पिल्लाला उताणं न करता. नंतर ओल्या कापसाने खालून हलकेच पुसायचं, तेव्हा ते मुततं. दिवसाला १६० मिनिटं. अठ्ठावीस दिवसांचे जवळजवळ पंचाहत्तर तास. आईच्या दोन तासांऐवजी पंचाहत्तर, आणि एवढं करूनही वाढ तिच्या जवळपासही जात नाही. पहिल्या आठवड्यात सिरिंजने एका वेळी दोन-अडीच मिलिलिटर जातं, तिथे आईच्या अंगावर पिल्लू दहा-पंधरा ग्रॅम सहज ओढतं. गाईचं दूध तर नकोच. त्यात साखर जास्त आणि बाकी सगळं कमी. त्यापेक्षा त्याच सुमारास व्यालेली दुसरी मादी असेल तर तिच्या पेटीत पिल्लं मिसळून द्यावीत. एवढी मोठी आई, पण स्वतःची आठ आणि परकी दोन यांत तिला फरक कळत नाही. चार मिनिटांत मोजदाद करणार तरी कधी?

आईच्या दुधात आणखी एक चीज असते, ती सिरिंजमध्ये येत नाही. मोठ्या सशाचं पोट तिखट आम्लाचं, सामू एक ते दोन. आत गेलेले जंतू तिथेच मरतात. दुधावरच्या पिल्लाचं पोट मात्र मवाळ, सामू पाच-सहा. म्हणजे दार उघडंच. राखण करतात ती दुधातली कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही दोन स्निग्धाम्लं. गाईच्या दुधात ती चिमूटभर, सशाच्या दुधात ढीगभर. पिल्लाच्या पोटात ती मोकळी होतात आणि जंतूंना टिकू देत नाहीत.

दूध सुटलं की ही राखणही सुटते, आणि पोटातलं आम्ल अजून पुरतं चढलेलं नसतं. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं धडाधड जुलाबाने मरतात ती याच फटीत सापडून. तोवर दुसरी फौज उभी राहायला हवी असते. सशाच्या आतड्यात आंधळी पिशवी असते, आतड्यातला चाळीस टक्के ऐवज तिच्यात. तिथल्या जंतूंशिवाय गवत पचत नाही. ते जंतू पिल्लाकडे येतात कुठून? पेटीतून बाहेर पडताना आई चार-दोन लेंड्या आत टाकून जाते. अस्वच्छ बाई, असं वाटतं. दहाव्या दिवसाच्या सुमारास, डोळे उघडले की, पिल्लं त्याच लेंड्या कुरतडतात. चार मिनिटांच्या भेटीत आईने ठेवलेला तो डबा असतो.

खाण्याचा खर्च इथून चढतो. दोन किलोचं वाढतं पिल्लू दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम गोळी पेंड खातं, आठ मिळून किलोभर. सुकं गवत, हरळी, लसूणघास वेगळा. उन्हाळ्यात आई आणि आठ पिल्लं मिळून तीन-चार लिटर पाणी संपवतात. समोरचे दात आठवड्याला दोन मिलिमीटरच्या वर वाढतात, वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर, आणि गवत चावून चावूनच झिजतात. म्हणून नुसत्या पेंडीवर ससा ठेवणाऱ्याला एक दिवस तोंड मिटत नसलेला ससा बघावा लागतो. एक ससा दिवसाला दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. नऊ जणांच्या अडीच हजार धरल्या तर महिन्याच्या पंचाहत्तर हजार. लेंडीखत म्हणून वांग्याला घालायला उत्तम, मोजायला मात्र कोणी बसू नये.

ससा आणि आकडे म्हटलं की फिबोनाची आठवायलाच हवा. पिसा गावच्या या गणितीने १२०२ साली कोडं घातलं. एक जोडी, महिन्याने वयात येते, दर महिन्याला एक नवी जोडी देते, कोणी मरत नाही, तर वर्षाअखेर किती? उत्तर ३७७ जोड्या, ७५४ ससे. त्याच्या पन्नास-एक वर्षं आधी गुजरातेत आचार्य हेमचंद्र हेच आकडे छंदशास्त्रात मांडून बसले होते. अमुक मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे बांधता येईल, याचं उत्तर तेच येतं : एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. सशांची गरज त्यांना पडली नाही.

मला वाटत होतं, खरे ससे या कागदी सशांना केव्हाच मागे टाकतील. फिबोनाचीची मादी बिचारी एका वेळी दोनच पिल्लं देते, आपली आठ. म्हणून थोराड जातीचा हिशेब मांडला. दर दोन महिन्यांनी एक वेत, वेताला आठ, त्यांत निम्म्या माद्या, एकही मरत नाही. पण थोराड मादी माजावर यायला आठ महिने लागतात. वर्षभरात आईची सहा वेतं, ४८ पिल्लं. पहिल्या वेताच्या चार लेकी दहाव्या आणि बाराव्या महिन्यात वितात, ६४. दुसऱ्या वेताच्या चौघी बाराव्यात, ३२. मूळची दोन धरून एकूण १४६. कागदी ससे ७५४! पुढेही तीच गत. फिबोनाचीचा कळप दर महिन्याला आधीच्या महिन्याच्या एकशे साठ टक्क्यांच्या वर जातो, आपला एकशे तीसच्या आत अडकतो. वेताला दोन की आठ याने फार बिघडत नाही. बिघडतं ते आठ महिने थांबण्याने.

जगाला ज्यांनी वेड लावलं ते ससे यामुळेच थोराड नव्हते. १८५९ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून आणवून सोडले ते दोन डझन ससे बेताच्या अंगाचे, तीन-चार महिन्यांत वयात येणारे. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपण घातलं. ससे कुंपणाच्या पुढे आधीच पोचले होते. थोराड ससा असला पराक्रम करू शकत नाही. त्याची सगळी करामत डोक्यांच्या मोजणीत नाही, वजनाच्या काट्यावर आहे.

हा फरक कळला नाही की काय होतं, त्याची एक गोष्ट आहे. जर्मनीत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावात एका वयस्क गृहस्थाने साडेदहा किलोचा रॉबर्ट नावाचा ससा वाढवला. २००६ साली देशातला सर्वांत मोठा ससा म्हणून तो गाजला. वर्तमानपत्रातला फोटो बघून उत्तर कोरियाच्या वकिलातीची माणसं दारात आली. अन्नटंचाईच्या देशात असे ससे वाढवायचे म्हणाली. गृहस्थाने बारा ससे दिले. एका सशापासून सात किलो मांस मिळतं, असं तो सांगत असे.

आपण कागद घेऊ. बारांतल्या आठ माद्या धरल्या, वर्षाला सहा वेतं, वेताला आठ, तर ३८४ पिल्लं. सगळी जगली, सगळी रॉबर्टएवढी झाली, आणि सगळी कापली तर २,६८८ किलो मांस. त्या वेळी देशाची लोकसंख्या दोन कोटी तीस लाखांच्या आसपास. माणशी वाटा ०.१२ ग्रॅम. वर्षाचा. तांदळाचे पाच-सहा दाणे तळहातावर ठेवा, तेवढा. शिवाय साडेदहा किलोचा ससा करायला निदान चाळीस किलो कोरडं खाद्य लागतं. ते ज्या देशात माणसाला पुरत नव्हतं, तिथे सशाला कोण घालणार होतं?

२००७ च्या वसंतात त्या गृहस्थाला तिकडे जाऊन ससेपालन शिकवायचं होतं. ते जाणं आयत्या वेळी रद्द झालं. ससे वाढवायला नेलेच नाहीत, कुणाच्या तरी मेजवानीत संपवले, असा संशय त्याने बोलून दाखवला आणि पुढचे ससे द्यायचं थांबवलं. सात किलोच्या हिशेबाने बारांचं मांस ८४ किलो होतं. मेजवानी बऱ्यापैकी मोठी झाली असणार.

इकडे पेटीतली पिल्लं अठराव्या दिवशी काठावरून बाहेर उड्या मारतात. आता आई जाईल तिथे ती मागे. पोटाखाली घुसतात, आई पुढे सरकते, पिल्लं पुन्हा घुसतात. आठ जण मिळून तीन किलोच्या आसपास झालेले असतात आणि चार मिनिटांचा नियम त्यांना मान्य नसतो. पाळणारा पिंजऱ्यात एक फळी टाकून देतो, पिल्लांना चढता येणार नाही एवढ्या उंचीवर. आई त्या फळीवर चढून बसते आणि उद्याची पहाट होईपर्यंत खाली बघत नाही.